खाटेजवळची सोनोग्राफी : घाईच्या वेळी डॉक्टर काय बघतात?



सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोटातलं बाळ येतं. सकाळी लवकर निघायचं, बाटलीभर पाणी प्यायचं, नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं, अंधाऱ्या खोलीत जायचं आणि दुपारी रिपोर्टची फाईल घेऊन घरी परतायचं. ही सोनोग्राफी आपल्या ओळखीची आहे. आपल्यातल्या बहुतेकींनी ती एकदा तरी केलेली आहे.

आज आपण दुसऱ्या एका सोनोग्राफीबद्दल बोलू. हिला नंबर नसतो. इथे रुग्ण मशीनच्या खोलीत जात नाही, मशीनच रुग्णाच्या खाटेजवळ येतं. अपघातातला माणूस, घेरी येऊन पडलेली बाई, रात्री धाप लागलेली आजी असं कुणी इमर्जन्सी विभागात आलं की डॉक्टर चाकांवरचं छोटं मशीन ओढून आणतात, पोटाला नाहीतर छातीला गार जेल लावतात आणि पाच मिनिटांत ठरवतात की आता पुढे काय करायचं.

आम्ही या विषयावर बोलायचं ठरवलं, कारण गटांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "माणसाचा हात मोडलाय, डोक्याला खोक पडलीय, आणि डॉक्टर पोटाची सोनोग्राफी कसली करत बसतात? बिल वाढवायला का?" प्रश्न रास्त आहे. खर्च आपल्या खिशातून जातो, तेव्हा विचारायलाच हवं. पण उत्तर माहीत असलं, तर त्या वेळी भांडण होत नाही आणि वेळही वाया जात नाही.

आवाजाने बघायचं

आपल्या किनाऱ्यावर हे समजावणं सोपं आहे. मासेमारीच्या मोठ्या बोटींवर आता फिश फाइंडर असतो. बोटीच्या तळातून तो खाली पाण्यात आवाज सोडतो. तो आवाज तळाला आपटून, वाटेत माशांचा थवा असेल तर त्याला आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून तांडेलाला पडद्यावर कळतं की तळ किती खोल आहे आणि मासळी कुठे आहे. पाण्यात कुणी उतरत नाही, तरी आतलं दिसतं.

सोनोग्राफी म्हणजे हेच. डॉक्टरांच्या हातातला जो तुकडा पोटावर फिरतो, त्याला प्रोब म्हणतात. तो आवाजाच्या लहरी आत सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीचा आवाज सेकंदाला काही लाख नव्हे, काही दशलक्ष कंपनांचा असतो, म्हणून तो आपल्याला ऐकूच येत नाही. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. त्यामुळे गरज पडली तर तीच तपासणी तासाभराने पुन्हा करता येते, आणि गरोदर बाईचीही करता येते.

या तंत्राची सुरुवातही कारखान्यातून झाली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बॉयलरच्या पोलादात आतून भेग आहे का, हे बघायला तिथले कारागीर आवाजाचं यंत्र वापरत. डोनाल्ड यांनी तेच यंत्र बायकांच्या पोटातल्या गाठी तपासायला वापरून पाहिलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. सुरुवातीची यंत्रं भलीमोठी होती. आता ती लॅपटॉपएवढी झाली आहेत, काही तर मोबाइलला जोडता येतात. म्हणूनच ती खाटेजवळ येऊ शकली.

पडद्यावरची चित्रं आपल्याला धुरकट वाटतात, पण त्यांची तीन सोपी सूत्रं आहेत. पाणी आणि रक्त काळं दिसतं, कारण त्यातून आवाज सरळ निघून जातो. हाड पांढरं दिसतं आणि त्याच्या मागे अंधार पडतो. हवा मात्र आवाजाला अडवते. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहू नये, म्हणून तर तो गार, चिकट जेल लावतात.

पोटातल्या चार जागा

आता त्या हात मोडलेल्या माणसाकडे येऊ. मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकल घसरली आणि हँडल पोटात बसलं असं समजा. हात मोडलेला सगळ्यांना दिसतो. पण प्लीहा किंवा यकृत फाटलं असेल, तर ते रक्त बाहेर येत नाही. ते पोटाच्या पोकळीत साचत जातं. माणूस बोलतो, पाणी मागतो, आणि थोड्या वेळाने गार पडायला लागतो. हातामुळे माणूस सहसा दगावत नाही. आतल्या रक्तस्रावाने दगावतो.

म्हणून डॉक्टर चार जागा बघतात. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधली फट, डावीकडे प्लीहेच्या भोवती, खाली ओटीपोटात मूत्राशयाच्या मागे, आणि छातीत हृदयाच्या आवरणात. माणूस आडवा असताना सांडलेलं रक्त याच खोलगट जागांत उतरतं, जसं अंगणातलं पाणी खळग्यात जमतं. तिथे काळी पट्टी दिसली की समजायचं, आत रक्त आहे. जर्मनी आणि जपानमधल्या सर्जननी ही पद्धत आधी वापरली. १९९० च्या दशकात अमेरिकेत तिला 'फास्ट' हे नाव मिळालं आणि ती जगभर पसरली. पुढे त्यात फुप्फुसंही बघायला लागले, कारण मार लागून फुप्फुसाबाहेर हवा साचली तर तीही जीव घेते.

आपल्या भागात या पाच मिनिटांचं मोल जास्त आहे. श्रीवर्धनहून निघालेली अॅम्ब्युलन्स म्हसळ्यावरून माणगावला जाणार की आणखी पुढे, मुरुडची गाडी काशीद-रेवदंड्यावरून अलिबागला जिल्हा रुग्णालयात थांबणार की वडखळवरून पनवेल-मुंबईकडे जाणार, हे कुणीतरी ठरवायचं असतं. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. समुद्र खवळला की तरीचा भरवसा नसतो. पोटात रक्त आहे हे आधी कळलं, तर जिथे सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त आहे तिथेच थेट नेता येतं आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून तयारीत ठेवता येतं. नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशी फरफट होते आणि रक्त आत वाहतच राहतं.

पाळी चुकली आणि घेरी आली

हा भाग आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. गटात वाचताना इथे जरा थांबून बोला.

गर्भ नेहमी गर्भपिशवीत रुजतो. पण शंभर गरोदरपणांत साधारण एक-दोनदा तो पिशवीच्या बाहेर, बहुतेक वेळा गर्भनळीत अडकून तिथेच वाढायला लागतो. नळी बोटापेक्षाही बारीक. ती वाढत्या गर्भाला पुरत नाही आणि साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास फुटू शकते. तेव्हा पोटात रक्त सांडतं. अजून पोट दिसत नसतं, कधीकधी बाईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं.

खुणा अशा असतात. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी आलेली. ओटीपोटात एका बाजूला कळ. थोडंसं डागासारखं रक्त. उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. आणि एक विचित्र खूण म्हणजे खांद्याच्या टोकाला दुखणं. पोटातलं रक्त वर सरकून छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची आणि खांद्याची शीर एकच, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. बाई सांगते, "पाण्याची कळशी उचलली, खांदा भरून आला." आणि बाम चोळला जातो.

अशी बाई इमर्जन्सीत आली तर डॉक्टर दोनच गोष्टी करतात. लघवीची गरोदरपणाची तपासणी, आणि खाटेजवळची सोनोग्राफी. तपासणी गरोदर असल्याचं सांगते, पिशवी रिकामी दिसते आणि पोटात काळं पाणी दिसतं, एवढं पुरतं. सविस्तर रिपोर्टची वाट न बघता तिला ऑपरेशनला घ्यायचं असतं.

यात आपल्या तीन समजुती आड येतात.

पहिली, "तिचं ऑपरेशन झालंय, तिला दिवस कसे जातील?" कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहणं फार क्वचित घडतं. पण राहिलाच, तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते. तांबी बसवलेल्या बाईचंही तसंच आहे. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात दुखलं, तर तिला निवांत घरी ठेवायचं नाही.

दुसरी समजूत म्हणजे पाळीबद्दल डॉक्टरांना सांगण्याची लाज. नवरा बोटीवर किंवा मुंबईला कामाला असतो, मुलगी लग्नाची असते, सोबत सासरे किंवा भाऊ उभे असतात. मग "पाळी कधी आली होती?" या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. डॉक्टर हा प्रश्न वयात आलेल्या प्रत्येक मुलीला आणि बाईला विचारतात. तो कुणाच्या चारित्र्यावरचा प्रश्न नाही. सोबत गेलेल्या बाईने बाकीच्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवावं आणि खरं ते सांगावं. त्या उत्तरावर जीव अवलंबून असतो.

तिसरी, "अगं, पित्त झालं असेल, कडक चहा घे, झोप." पोटात रक्त सांडत असताना झोपवलेली बाई पुन्हा उठेलच असं नाही.

गावातल्या आशाताईंकडे गरोदरपणाच्या तपासणीचं 'निश्चय' किट असतं. पाळी लांबली की त्यांना विचारा. पण घेरी येत असेल, अंग गार पडत असेल, तर किटसाठीही थांबू नका. सरळ १०८ ला फोन करा.

धाप लागली, सलाईन लावा?

आजी रात्री दोनला उठून बसली, श्वास पुरत नाही, छातीत घरघर. दम्याचा झटका आहे की हृदय थकून फुप्फुसात पाणी झालंय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उपचार मात्र वेगळे. दम्याला वाफेतून औषध देऊन श्वासनळ्या मोकळ्या करायच्या, आणि हृदयाच्या आजारात अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढायचं.

फुप्फुस हवेने भरलेलं असतं आणि हवा आवाजाला अडवते, म्हणून सोनोग्राफीत फुप्फुस बघताच येणार नाही असं डॉक्टरही कितीतरी वर्षं मानत होते. फ्रान्समधले डॉ. डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी वर्षानुवर्षं अतिदक्षता विभागात तपासण्या करून दाखवून दिलं की निरोगी फुप्फुस एका तऱ्हेने दिसतं आणि पाण्याने भिजलेलं दुसऱ्या तऱ्हेने. भिजलेल्या फुप्फुसात वरून खाली पांढऱ्या उभ्या रेषा उतरताना दिसतात, पावसाच्या सरींसारख्या. २००८ मध्ये त्यांनी धापेचं कारण शोधायची पद्धत मांडली, ती आज बऱ्याच ठिकाणी शिकवतात.

आता आपल्याकडची सवय बघा. माणूस आजारी पडला की नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन तरी लावा." सलाईन लावली की उपचार झाल्यासारखं वाटतं. पण ज्याचं हृदय थकलंय आणि फुप्फुसं आधीच भिजलीत, त्याला आणखी पाणी शिरेतून देणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर ओतणं. उलट, डेंग्यूमध्ये रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून छातीत आणि पोटात जमतं. तिथे सलाईन लागते, पण मोजून. किती द्यायची आणि कधी थांबवायची, हे ठरवायला डॉक्टर हृदयाकडे आणि फुप्फुसांकडे पुन्हा पुन्हा प्रोब लावून बघतात. डॉक्टर "सलाईन नको" म्हणाले, तर ते टाळाटाळ करत नसतात.

महाडचा विंचू

फुप्फुसात पाणी होण्याचं एक कारण आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं, हे फार जणींना माहीत नसतं.

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी धडधाकट मुलं एका रात्रीत जात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेल्या रुग्णांच्या खाटेजवळ थांबून त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, गार पडलेले हातपाय. त्यांच्या लक्षात आलं की विंचवाचं विष शरीरात वादळ उठवतं. रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मूल जातं ते त्याने. रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त गोळीने हे वादळ शमतं असं त्यांना दिसलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मांडलं. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभरातले तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनबरोबर विंचवाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

हे आज सांगायचं कारण असं की बिरवाडीत तेव्हा खाटेजवळ सोनोग्राफी नव्हती. तिथे डॉक्टर होते, आणि ते बघत होते. आज विंचू चावलेल्या मुलाचं हृदय किती जोराने चालतंय, फुप्फुस भिजायला लागलंय का, हे प्रोबने लवकर दिसू शकतं. पण कुठे बघायचं आणि दिसल्यावर काय करायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. मशीन शिकलेल्या हातात असेल तरच ते डोळ्याचं काम करतं.

सापाचंही सांगून ठेवतो. साप चावल्यावर सोनोग्राफीची वाट बघायची नसते. तिथे मांत्रिक नको, चिरा नको, आवळून बांधणं नको. हातपाय न हलवता सरळ लस असलेल्या रुग्णालयात.

काय कळत नाही

हे मशीन जादूचा आरसा नाही.

पोटात थोडंच रक्त असेल, साधारण पाव लिटरच्या आत, तर ते सुटू शकतं. म्हणून पहिल्या वेळी "काही दिसत नाही" म्हणाले तरी डॉक्टर रुग्णाला थांबवून घेतात आणि तासा-दोन तासांनी पुन्हा बघतात. "सोनोग्राफी चांगली आली, आता घरी नेतो" असं म्हणून निघून जाऊ नका.

आतडं फाटलं असेल, तर ते या घाईच्या तपासणीत बहुधा दिसत नाही. डोक्याच्या आतला मार मोठ्या माणसात सोनोग्राफीत दिसत नाही, त्याला सीटी स्कॅन लागतो. पोटात गॅस असेल किंवा माणूस जाड असेल, तर चित्र पुसट येतं. आणि बघणाऱ्याचा हात किती तयार आहे, यावर तर सगळंच ठरतं.

ही तपासणी आपल्या नेहमीच्या सोनोग्राफीची जागाही घेत नाही. नेहमीच्या सोनोग्राफीत डॉक्टर प्रत्येक अवयव मापतात आणि सविस्तर रिपोर्ट देतात. घाईच्या सोनोग्राफीत डॉक्टर मोजके प्रश्न विचारतात. पोटात रक्त आहे का? गर्भ पिशवीत आहे का? हृदय नीट आकुंचतंय का? फुप्फुस भिजलंय का? प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. नंतर सविस्तर सोनोग्राफी करायला सांगितली, तर ते दुप्पट बिल नव्हे. ती दोन वेगळी कामं आहेत.

हे मशीन कुठेही का नेता येत नाही?

मग कुणी विचारेल, मशीन एवढं छोटं झालंय, तर गावातल्या डॉक्टरांनी पिशवीत घालून घरोघरी का नेऊ नये?

याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ज्या आवाजाने पोटातलं रक्त दिसतं, त्यानेच पोटातली मुलगीही दिसते. गर्भजल परीक्षा आणि नंतर सोनोग्राफी वापरून मुली पोटातच मारल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९८० च्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. त्या लढ्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, देशातला पहिला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तो नीट राबवला जात नाही म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या महाराष्ट्रातल्या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होत्या. ही जनगणनेची आकडेवारी आहे.

म्हणून प्रत्येक मशीनची नोंदणी असते. २०१२ च्या नियमाप्रमाणे हलवता येणारं मशीन नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात, तिथे दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. घरोघरी नेता येत नाही. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना 'एफ' फॉर्म भरावा लागतो. त्यात बाई लिहून देते की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टर लिहून देतात की मी ते बघितलं नाही आणि सांगितलं नाही. लिंग सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्याला, दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरोदर बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असं कायदा धरून चालतो, म्हणून शिक्षा तिला नाही.

इमर्जन्सीतले काही डॉक्टर म्हणतात की या कागदपत्रांच्या धाकाने मशीन खाटेजवळ ठेवायलाच रुग्णालयं कचरतात. त्यांची अडचण खरी आहे. पण कायदा अडलेल्या बाईची तपासणी अडवत नाही. गर्भ पिशवीत आहे की बाहेर हे बघणं, रक्त जात असताना बघणं, ही कारणं 'एफ' फॉर्मच्या यादीतच आहेत. तेव्हा आपलं म्हणणं दोन्ही बाजूंनी पक्कं असू दे. मशीन खाटेजवळ हवं, आणि त्यावर मुलगा की मुलगी हे कुणी विचारायचं नाही. हा कायदा आपल्या आया-मावश्यांनी मिळवलेला आहे. सोय हवी म्हणून तो सैल करा, असं आपण म्हणायचं नाही. नियमात बसवून सोय करा, असं म्हणायचं.

आपण काय करायचं?

घरात तातडीची वेळ आली तर डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा : त्रास कधी सुरू झाला, मार कुठे लागला, शेवटची पाळी कधी आली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया किंवा तांबी आहे का, हृदयाचा, दम्याचा, किडनीचा आजार आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. तपासणीआधी डॉक्टरांना न विचारता खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन करावं लागू शकतं.

डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : "सोनोग्राफीत काय दिसलं?" आणि "त्यामुळे आता काय करायचं?" पुढे पाठवत असतील, तर दिसलेलं चिठ्ठीवर लिहून मागा, म्हणजे पुढच्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही. गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तपासण्या, रक्त आणि पुढच्या रुग्णालयापर्यंतची गाडी मोफत आहे. ही सोय २०११ पासून आहे. तिथे पैसे मागितले तर पावती मागा.

आणि गट म्हणून एक काम. आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. चार-पाच जणींनी मिळून तिथे अर्ज द्या आणि विचारा : आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन आहे का? नोंदणी झालेली आहे का? ते चालवायला शिकलेले डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतात, रात्री असतात का? मशीन आहे पण खोलीला कुलूप आहे, किंवा डॉक्टर आहेत पण प्रशिक्षण नाही, असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या आणि ग्रामसभेत मांडा. अलिबागला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या डॉक्टरांचं प्रशिक्षण तिथे करा, ही मागणी काही आकाशातला चंद्र मागण्यासारखी नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक काम करावं. गर्भनळीतल्या गर्भाच्या पाच खुणा न बघता म्हणून दाखवाव्यात : पाळी चुकणं, एका बाजूला कळ, डाग, घेरी, खांदा दुखणं. आपल्या सुनेला, लेकीला, शेजारणीला सांगाव्यात. मशीन रुग्णालयात असेल, पण तिथपर्यंत तिला वेळेवर न्यायचं की नाही, हे घरातच ठरतं. ते आपल्या हातात आहे.

तुमच्या गटाला रुग्णालयातून काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू.